फायनल_फायनल_खरंच फायनल

शेअर्ड शीट कशासाठी असते? आमच्या ग्रुपमध्ये शोभेला! लिंक दिली तरी ऐरोलीहून एक जण फाइल उतरवून घेणार, खारघरहून दुसरी तिचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकणार. फोटो! आता आकडे काय भिंग लावून टिपू? वर सरांचं, "जरा मर्ज करून टाक." जरा!

तिसऱ्याच्या स्प्रेडशीटने नावालाच तारीख समजून सेप्ट२ जनुकाची २ सप्टेंबर करून ठेवलेली. अहो, याच खोडीपायी २०२० मध्ये जनुकांची नावंच बदलली ना? सेप्ट२ चं सेप्टिन२, मार्च१ चं मार्चएफ१. जनुकांनी नावं बदलली, पण आमच्या लोकांना तारीख होऊ नये म्हणून कॉलम 'टेक्स्ट', म्हणजे साधा मजकूर, करवत नाही. आणि मीटिंग? निम्मा वेळ "आवाज येतोय का?" येतोय हो, घणसोलीपर्यंत येतोय, कुकरच्या शिट्ट्यांसकट. म्यूट करा!