कोंबडं झाकून बघितलं

"आमच्याकडं सात कोंबडे नको झालेत," हे मी पहिल्यांदा बोलून दाखवलं ते गॅसची टाकी आणणाऱ्या पोराजवळ. त्यानं टाकी दारात टेकवली, कपाळाचा घाम पुसला आणि विचारलं, "नको झालेत म्हंजे?"

"म्हणजे जास्त झालेत रे."

"कोंबडं जास्त?" त्याला वाक्याचा अर्थच लागेना. कोल्हापुरात ऊस जास्त होतो, पंचगंगेला पाणी जास्त होतं, लग्नात आहेराचे टॉवेल जास्त होतात. कोंबडा जास्त होत नाही. ज्या गावानं २०१९ साली मटणाचा दर वाढला म्हणून आंदोलन केलं, त्या गावात मी सात जिवंत, धडधाकट कोंबडे घेऊन "काय करू, काय करू" करत बसले होते. पोरगा जाताना म्हणाला, "काकू, तुमी फकस्त कांदा-खोबरं भाजायला घ्या. बाकीचं आमी बघतो."

मला हवी होती अंडी. फुलेवाडीत आमचं घर, मागं वीतभर परसू, त्यात एक पपई, धुण्याचा दगड आणि दोन कोंबड्या. त्यातली एक म्हातारी. हे तिचं वयही आणि नावही. माघ महिन्यात ती खुडूक झाली आणि रिकाम्या खुराड्यात ठाण मांडून बसली. जवळ गेलं की अंग फुगवून टोचायची. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, फोनवर सहज सांगितलं, तर त्या दुसऱ्याच दिवशी भुदरगडाहून अकरा अंडी घेऊन हजर. कोंड्याच्या डब्यात पुरून आणलेली, एकालाही तडा नाही.

अंडी विषमच बसवायची, आणि तीही निवडून. लांबुळकं अंडं नराचं, वाटोळं मादीचं. आत्याबाईंनी एकेक अंडं ट्यूबलाइटपुढं धरून, सोनारानं नग बघावा तसं फिरवून बघितलं, म्हातारीच्या पोटाखाली सारलं आणि हात जोडले, "आई अंबाबाई, सगळ्या मुलीच होऊंदेत." माझ्या बाळंतपणाच्या वेळी हीच बाई जोतिबाला काहीतरी वेगळं सांगून आली होती, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण त्या वेळी मी काही बोलले नाही.

एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं निघाली. त्याच आठवड्यात गल्लीत सायकलवर रंगीत पिल्लं विकणारा आला आणि लेकीनं हट्ट करून एक हिरवं पिल्लू घेतलं. ही रंगीत पिल्लं कुठून येतात, ते मला नंतर कळलं. अंड्यांच्या कोंबड्या तयार करणाऱ्या हॅचरीत पहिल्याच दिवशी नर-मादी वेगळे करतात. पिल्लाचं बूड हलकेच दाबून लिंग सांगणारे तज्ज्ञ असतात, ही विद्या जपान्यांची. माद्या पुढं जातात. नर अंडी देत नाहीत आणि मांसही त्यांच्या अंगावर धरत नाही, म्हणून ते बाद. जर्मनीत २०२२ पासून अशी पिल्लं मारायला कायद्यानं बंदी आहे. आपल्याकडं त्यातली काही हिरव्या-गुलाबी रंगात बुडवून लहान मुलांना विकतात. म्हणजे आम्ही रोख पैसे मोजून कोंबडाच घरी आणला होता.

लेकीनं दहाही पिल्लांची नावं ठेवली. आजीनं मुली मागितल्या होत्या म्हणून सगळी मुलींची. ठकी, गंगू, सोनी, मैना, राणी आणि अशीच पुढं. हिरवी ती मिरची.

दीड-दोन महिन्यांत ठकीचा तुरा लाल व्हायला लागला. मी म्हटलं, उन्हानं असेल. मग गंगूच्या मानेवरची पिसं टोकदार निघाली, पाय पोस्टाच्या खांबासारखे झाले. नवरा म्हणाला, "अंगानं थोराड आहे जरा." आम्ही दोघंही, वधूचा बाप स्थळापुढं बोलतो तसं, एकमेकांशी बोलत होतो. बरं, बोलण्या-चालण्यावरून ओळखावं, तर हे कोल्हापूर. इथं बायकाच "मी जातो", "मी आलतो" म्हणतात. हा लेख मी "गेले, आले" करत लिहिते आहे तो शाळेतल्या बाईंच्या धाकानं. घरात मीही "गेलतो"च. तर आमच्या गावची तलंग, म्हणजे वयात येणारी कोंबडी, थोडी रांगडी असणारच, अशी मी मनाची समजूत घातली.

चौथ्या महिन्यात एका पहाटे परसातून आवाज आला. रबर गेलेल्या कुकरची शिट्टी अर्ध्यात अडकावी तसा. ठकी आरवला होता.

नऊमधले सहा नर निघाले, आणि सातवी मिरची, जिचा हिरवा रंग जाऊन आता ती पांढरीफेक झाली होती. हिशेबानं आठ-दहा कोंबड्यांत एक कोंबडा पुरतो. आमच्याकडं पाच कोंबड्यांत सात नवरदेव. अंड्याच्या आकारावरून काही कळत नाही, हे मी आत्याबाईंना सांगून बघितलं. माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, कोंबड्यांत आईकडून, तेव्हा दोष द्यायचाच तर भुदरगडातल्या कोंबड्यांना द्या, असंही म्हणाले. त्यांनी दोष दिला म्हातारीला, जिचं त्यात एक अंडंसुद्धा नव्हतं. "हिच्या पायगुणानंच झालं."

पुढच्या पंधरवड्यात सातही जणांना कंठ फुटला. कोंबडे वाट्टेल तसे ओरडतात असं मला वाटायचं. तसं नाही. जपानमध्ये नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिलंय की कळपातला सगळ्यात वरच्या दर्जाचा कोंबडा आधी आरवतो आणि बाकीचे आपापल्या पायरीनं त्याच्या मागून. आमच्याकडं अगदी तस्संच. तीन वीसला ठकीचं उद्घाटन, मग गंगू, मग सोनी, आणि सगळ्यात शेवटी मिरची, सरकारी कार्यक्रमातल्या आभारप्रदर्शनासारखी: लांबलेली, बारीक आवाजातली आणि कुणी ऐकत नसलेली. की ठकी पुन्हा पहिल्यापासून सुरू.

शेजारचे अण्णा पहिले तीन दिवस गप्प होते. चौथ्या दिवशी भिंतीपलीकडून म्हणाले, "वहिनी, मला काय म्हणायचं न्हाई खरं..." कोल्हापुरात "खरं" म्हणजे "पण", आणि ज्या वाक्याची सुरुवात "मला काय म्हणायचं न्हाई खरं" अशी होते ते पाऊण तास चालतं. अण्णा निवृत्त कारकून. ते कागद घेऊनच आले होते. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम, रहिवासी भाग, रात्री दहा ते सकाळी सहा, मर्यादा ४५ डेसिबल.

"अण्णा, हे स्पीकरला असतंय ना?"

"आवाजाला असतंय. आवाज कुणाचा, ते बघत न्हाईत."

समोरच्या नर्सताई रात्रपाळी करून पहाटे येऊन आडव्या व्हायच्या. त्यांनी काही कागद आणला नाही. नुसतं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेनं मी जास्त हलले.

कोंबड्यांच्या बाजूनं उभा राहिला फक्त मागच्या गल्लीतला पैलवान. त्याला चारला तालमीत जायचं असतं. "वहिनी, मोबाइलचा गजर बंद करून टाकला बगा. ठकी एकदम टायमावर हाय. नाद खुळा!"

मग मी म्हण आजमावायचं ठरवलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे मलाही माहीत आहे. पण मला तांबडं थांबवायचंच नव्हतं, मला कोंबडं थांबवायचं होतं. भुदरगडाहून कोंबड्या झाकायचं मोठं डालगं मागवलं. त्याच्यावर गोणपाट, गोणपाटावर आजेसासूबाईंची गोधडी, वारा लागावा म्हणून खाली एक वीट. आत एकटा ठकी, कारण वरिष्ठ गप्प बसला तर खालचे कशाला बोलतील, असा माझा हिशेब. मध्यरात्रीपर्यंत मी दोनदा उठून बघून आले, गुदमरला तर नाही ना. तीन वीसला गोधडीच्या आतून, विहिरीतून यावा तसा घुमून आवाज आला आणि डालगं एक वीतभर सरकलं.

त्या म्हणीवरही नागोयातच संशोधन झालंय. मंद उजेडात सारखं कोंडून ठेवलं तरी कोंबडा आपल्या अंगातल्या घड्याळावर आरवतो. आणखी एक गोष्ट वाचली ती तर जिव्हारी लागली: आरवताना चोच पूर्ण उघडली की त्याच्या कानाची नळी आपोआप मिटते. म्हणजे सगळ्या फुलेवाडीला जो ऐकू जातो, तो त्याचा त्यालाच नीट ऐकू येत नाही. असे दोन-तीन जण आमच्या नात्यातही आहेत.

आवाजाचं मी अजून सोसलं असतं. पण एका दुपारी धुणं धुताना म्हातारी दगडामागं येऊन बसली. एरवी हात लावू देत नाही, त्या दिवशी हलली नाही. उचलून बघितलं तर पाठीवर पिसांची नुसती खुंटं, मधली कातडी गुलाबी उघडी पडलेली, एका पंखाखाली ओरखडा. सात जण दिवसभर एकेकीच्या मागं. ती संध्याकाळी खुराड्यात जायला तयार होईना, पपईच्या बुंध्याला चिकटून उभी. मी हळद आणि खोबरेल लावलं. ठकी शेजारी उभा राहून छाती काढून बघत होता, जणू हे सगळं त्याच्या आदेशानं चाललंय.

दुसऱ्या दिवशी मी ठकीला बाजाराच्या पिशवीत घातलं, मान बाहेर काढली आणि चिकनच्या दुकानात गेले. मी काही माळकरी नाही. रविवारी पांढऱ्या रश्श्याची वाटी दोनदा भरून घेणारी आहे. दुकानदारानं ठकीला एका हातात तोलला, खूश झाला. "गावरान! ह्याला दर हाय. इकता काय कापून न्हेता?"

मी म्हटलं, "तुम्हीच सांगा."

"नाव काय?"

त्यानं माझं नाव विचारलं होतं, वहीत लिहायला. मी म्हणाले, "ठकी."

तो थांबला. मीही थांबले. ठकीनं मान तिरकी करून एका डोळ्यानं आधी त्याच्याकडं, मग माझ्याकडं बघितलं. मागं रांगेत चार माणसं. काहीतरी घेतल्याशिवाय निघायची लाज वाटली म्हणून मी अर्धा किलो ब्रॉयलर घेतला, ठकीला पुन्हा पिशवीत घातलं आणि रिक्षानं परत आले. एका हातात जिवंत कोंबडा, दुसऱ्या हातात मेलेला. रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा बघितलं, बोलला काही नाही.

फुकट देऊन बघितलं. घेणारे रग्गड. आषाढ सुरू झाला होता. मंगळवारी-शुक्रवारी पी-ढबाक वाजवत नव्या पाण्याच्या कळशा टेंबलाई देवीला निघाल्या होत्या, घराघरांत जत्रेचं जेवण होतं आणि श्रावणाच्या आत सगळ्यांना उरकायचं होतं. बारा-तेरा जणांनी फोन केले. "पाळणार ना?" असं विचारलं की पलीकडून शांतता. एकजण प्रामाणिक निघाला, म्हणाला, "पाळू की. रविवारपर्यंत."

पैलवानानं राणी आणि मैनाला नेलं, त्याच्या मामाच्या मळ्यात. "खुराकाला न्हाई वहिनी, आईशपथ!" त्यानं गळ्याला चिमटा घेतला. मी विश्वास ठेवला. दुसरं काय ठेवणार? उरलेले पाच आत्याबाईंनी नेले. त्याच डालग्यात घालून, तोंडाला जुनं लुगडं बांधून, भुदरगडातल्या गारगोटीच्या एसटीत. लेक दारात उभी राहून प्रत्येकाला नावानं टाटा करत होती. आत्याबाई म्हणाल्या, "तिथं मोप जागा हाय बाळ, हुंदडतील." एसटीच्या मागच्या सीटवरून, भर दुपारी दोन वाजता, ठकीचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला.

पुढच्या रविवारी दीर कामानं शहरात आले, येताना चार पुडांचा डबा घेऊन. तांबडा, पांढरा, सुकं, वर भाकरी. उघडल्याबरोबर घरभर वास. लेकीनं डब्यात वाकून बघितलं आणि विचारलं, "हे कोण?"

काय नाही. कोण.

"मटण आहे," दीर म्हणाले. नवऱ्यानं वाटीतून दोन बोटांएवढी तंगडी उचलली, बघितली आणि गुपचूप रश्श्याखाली बुडवली. लेक त्या दिवशी दही-भात जेवली. मी पांढरा घेतला नाही. तांबडा घेतला. थोडाच. फार चांगला झाला होता, आणि ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

परसात शांतता झाली. म्हातारीच्या पाठीवर नवी पिसं फुटायला लागली, ती पुन्हा हात लावला की टोचायला लागली. अण्णांनी भिंतीवरून कढीपत्ता दिला. नर्सताई हसल्या.

आठवडाभरानं, अंधार पुरता सरायच्या आत, मागून एक आवाज आला. घोगरा, अडखळत, अर्ध्यात तुटलेला. मी ताडकन उठले. आत्याबाईंनी एखादा मागं ठेवला की काय? विजेरी घेऊन परसात गेले तर धुण्याच्या दगडावर म्हातारी, मान लांब केलेली, छाती पुढं. माझ्यादेखत तिनं पुन्हा एकदा बांग दिली.

कळपात कोंबडा उरला नाही की एखादी थोरली कोंबडी कधी कधी असं करते. आत्याबाई फोनवर म्हणाल्या, अपशकुन हाय, ठिऊ नगा तिला. नवरा डालगं शोधायला लागला, तर ते गारगोटीला.

लेक डोळे चोळत मागच्या दारात आली. थोडा वेळ ऐकत उभी राहिली.

"मम्मी, ती 'मी उठलो' म्हणालीया."

भिंतीपलीकडं अण्णांचा दिवा लागला.