पोट्ट्याच्या पायाला नावं ठेवू नका

आज डोकं सटकलंय, पोस्ट लांब होणार आहे, घाईत असाल तर पुढे स्क्रोल करा.

संध्याकाळी आम्ही मायलेक नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेलो होतो, पोट्ट्यासाठी स्पोर्ट्स शूज घ्यायला. सहा वर्षांचा आहे, दिवसभर पळतो, जुने शूज पुढून फाटले. दुकान चांगलं मोठं, एसी, भिंतभर डबे. सेल्समननं एक जोडी काढली तर पाय आतच जाईना, कसाबसा कोंबला तर करंगळीकडून शूज असा फुगला की शिवण ताणली. त्यावर हा भाऊ पोरासमोर, आजूबाजूची चार गिऱ्हाइकं ऐकतील एवढ्या मोठ्यानं म्हणतो, "मॅडम, शूज तो बराबर है, बच्चे का पैर ही गडबड है, चौडा है ना."

आणि आमच्या पोट्ट्यानं पाय मागे घेतला. बेंचखाली सरकवला आणि दुसऱ्या पायानं झाकून बसला.

अरे भैताडा, काय गडबड आहे त्या पायात? चवडा रुंद आहे, बस. त्याच्या बापाचा तसाच आहे, आजोबांचा तर त्याहून रुंद, काटोलकडे संत्र्याच्या बागेत जन्म गेला त्यांचा, पायात वहाण असली तर असली नाहीतर नाही. त्यांना कुणी पाय लपवायला लावला नव्हता. कारखान्यात ज्या फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर बूट बनतो तो फर्मा अरुंद, आणि दोष कोणाचा, तर सहा वर्षांच्या पोराचा!

मग त्यानं सगळ्या दुकानांत मिळतो तो उपाय काढला. "एक नंबर बडा ले लो." का म्हणून? यूकेचा एक नंबर म्हणजे लांबीत इंचाचा तिसरा हिस्सा, साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. रुंदी त्या मानानं नावाला वाढते. म्हणजे पोराला पाहिजे चवड्याला जागा आणि तुम्ही देता बोटांपुढे रिकामं घर. शूज जिथे वाकायला पाहिजे तिथे वाकत नाही, टाच मागे वरखाली होते, शूज निसटू नये म्हणून पोरं आत बोटं आवळून धरतात, आणि मग ग्राउंडवर अडखळून पडली की आपणच ओरडतो, बघून पळ ना रे! वाढीसाठी पुढे साधारण अंगठ्याएवढी, म्हणजे सेंटीमीटरभर जागा ठेवायची हे मान्य, सगळ्यांनाच मान्य आहे. पण ती वाढीसाठी, रुंदीची भरपाई म्हणून नाही.

यात अजून एक गंमत झाली. त्या जोडीला मागे लाइट होते, चालताना लुकलुकणारे. पाय झाकून बसलेलं पोरगं लाइट बघून एकदम म्हणालं, "होतात आई, होतात, नाही लागत." चेहरा पिळवटलेला आणि म्हणे नाही लागत. लहान पोरांना विचारून शूज घेऊच नका. एक तर त्यांना लाइट पाहिजे असतात, आणि दुसरं म्हणजे त्या वयात पाय मऊ असतो, बरीच हाडं अजून कूर्चेचीच असतात, पार टीनएजपर्यंत पक्की होत राहतात. आपल्याला टोचेल तेवढं त्यांना टोचत नाही, पाय मुकाट्यानं बुटाच्या आकारात दबून बसतो. घरी आल्यावर करंगळीवर लाल वळ दिसला तेव्हा कळतं.

मी काय केलं सांगते. शूजमधला आतला सोल बाहेर ओढला, जमिनीवर ठेवला, पोराला त्यावर सरळ उभं केलं. दोन्ही बाजूंनी पाय सोलच्या बाहेर! सेल्समन बघतच राहिला, हे त्यानं कधी केलंच नव्हतं. सोल चिकटवलेला असेल तर घरून कागदावर पाय आखून, कापून न्या आणि आत सरकवा, कडा वर वळल्या की समजा शूज अरुंद. आखताना पोरगं उभं पाहिजे, बसल्या पायाचं माप खोटं येतं. दोन्ही पाय मोजा, एक मोठा असतोच, त्यावर घ्या. आणि संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा फुगतो, आपल्या मे महिन्यात तर विचारूच नका. मोजे जे घालणार तेच घालून.

आता मला सांगा, इंग्लंडात क्लार्क्सच्या दुकानात लहान पोरांच्या बुटांना एफ, जी, एच अशी रुंदीची मापं असतात, न्यू बॅलन्स अमेरिकेत पोरांसाठी वाइड आणि एक्स्ट्रा वाइड विकते. आणि आपल्याकडे? चेन्नईच्या सेंट्रल लेदर रिसर्च इन्स्टिट्यूटनं देशभर फिरून लाखावर लोकांचे पाय मशीननं स्कॅन केले, तर निघालं काय, की भारतीयांचे पाय युरोप-अमेरिकेतल्यांपेक्षा रुंद! म्हणजे देशाचाच पाय रुंद आहे आणि दुकानात आपण इंग्रजांचे नंबर घालून लाजत बसतो. आपलं स्वतःचं माप येणार येणार म्हणून ऐकून राहिलो, त्याला नावसुद्धा 'भा' ठरलंय, भारतातला भा. बर्डीवर कधी येते बघू.

बरं, दुकानदाराचीही बाजू आहे म्हणा. एका डिझाइनचे दहा नंबर, त्यात तीन-तीन रुंद्या ठेवायच्या तर गोडाऊन लागेल, आणि पोरांचे पाय काही महिन्यांत वाढतात, महागडी जोडी घेऊन करायचं काय. तो सेल्समनही विशीतलाच पोरगा, दिवसभर उभा, त्याला कोणी शिकवलंच नसेल पाय कसा मोजायचा. निघताना थोडा ओशाळलाही होता, माझ्या पोट्ट्याला म्हणाला, "चॅम्प, तेरे लिए दूसरा देखता हूँ." आता राग तेवढा राहिला नाही त्याच्यावर.

पण घरी फोनवर आमच्या एका आत्यानं जे ऐकवलं, त्यावर पुन्हा पेटले. "अगं वापरून सैल होतात, आमच्या वेळी कुठे होते एवढे लाड." सैल काय होतं? जाळीचं कापड थोडं सैलावतं, खालचा सोल रुंद होत नाही. आणि तुमच्या वेळी तुम्ही अर्ध्या वेळ अनवाणी होता आत्या, म्हणून तुमचे पाय शाबूत राहिले! कायले घाई करता पोरांचे पाय दाबायची? आणि हो, "पाय सपाट आहे, डॉक्टरला दाखव" हेही ऐकवून झालं. या वयात पुष्कळ पोरांचे तळवे सपाट दिसतात, दुखत असेल, लंगडत असेल तर जाईन ना, पळत्या पोराला काय दाखवू.

शूज घेतले नाहीत. पोरगं आत्ता घरभर अनवाणी धावून राहिलंय, खालच्या मजल्यावरून तक्रार येईलच.

तर नागपूरकरांनो, सदर, धरमपेठ, इतवारी, महाल, कुठेही चालेल, पुढून रुंद, वेल्क्रोचे, हलके आणि आतला सोल निघणारे शूज कोणाला मिळाले असतील तर दुकानाचं नाव कमेंटमध्ये टाका. यूके 11 लागेल, पाय 18 सेंटीमीटर लांब आणि चवड्यात 8 च्या जवळ. लाइटवाले असले तर दुधात साखर. ऑनलाइनच्या लिंक नकोत, मला पाय घालून बघायचाय. आणि "एक नंबर मोठा घे" लिहिणाऱ्यांना ब्लॉक करीन.