तीन बोटं तोंडात जातात म्हणून तोंड निरोगी ठरत नाही

गेल्या आठवड्यात मामीने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. उभी तीन बोटं तोंडात गेली तर सबम्यूकस फायब्रोसिस (सुपारीने तोंड आतून आखडत जाण्याचा आजार) पहिल्या पायरीवर आहे, काळजी नको. दोन गेली तर मधली पायरी, एकच गेलं तर कॅन्सर. त्याखाली आणखी तीन गोष्टी होत्या: तंबाखू नसलेली सुपारी निर्धोक असते, हळद-मध-तुपाने एकवीस दिवसांत तोंड मोकळं होतं आणि तोंडातला तुकडा काढून तपासला (बायोप्सी) की कॅन्सर पसरतो.

दुसऱ्या दिवशी मामेभावाचा फोन आला. वय बत्तीस, दिवसाला तीन खर्रे, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या घोटलेल्या पुड्या. दोन महिने मागे लागून त्याला तपासणीसाठी तयार केलं होतं. तो म्हणाला, “ताई, तीन बोटं जातेत न आरामात. कायले येऊ मंग?”

मी दातांची डॉक्टर आहे. हे आजारलेलं तोंड मला जवळजवळ रोज बघावं लागतं. त्यामुळे त्या एका वाक्याचा मला फार राग आला.

बोटांची चाचणी अगदीच खोटी नाही, हे मान्य करते. शिबिरात शंभर माणसं रांगेत असताना कोणाचं तोंड आखडलंय हे चटकन ओळखायला आम्हीही ती वापरतो. तीन बोटं जात नसतील तर काहीतरी बिघडलंय. ते फायब्रोसिसच असेल असंही नाही, अक्कलदाढ सुजली किंवा जबड्याचा सांधा धरला तरी तोंड उघडत नाही. पण ‘जात नाहीत म्हणजे बिघाड’ यावरून ‘जातात म्हणजे ठीक’ हे कसं निघतं?

आधी मोजमापाचंच बघा. एखाद्याचं तोंड मुळात ५५ मिलिमीटर उघडत होतं आणि ते ४५ वर आलं, तरी बारीक हाताच्या माणसाची तीन बोटं सहज जातील. एक सेंटीमीटर गेला, हे त्याला कळणारही नाही. म्हणून दवाखान्यात वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर पट्टीने मोजतात, लिहून ठेवतात आणि पुढच्या वेळी त्याच्याशी ताडून बघतात.

आणि तोंड किती उघडतं हा आजाराचा अर्धाच भाग आहे. भारतातल्याच दंतवैद्यकांनी २०१२ मध्ये मांडलेल्या एका वर्गीकरणात दोन वेगळ्या शिड्या आहेत. एक उघडण्याची: ३५ मिलिमीटर किंवा जास्त, २५ ते ३५, १५ ते २५ आणि १५ पेक्षा कमी. दुसरी तोंडात काय दिसतं आणि बोटाला काय लागतं त्याची. त्यात आधी तोंड येणं, आग होणं, आतली त्वचा संगमरवरासारखी पांढुरकी पडणं. मग गालात किंवा घशाकडे हाताला लागणारे ताठ पट्टे. मग तेच पट्टे तोंडाच्या इतर भागांतही. शेवटच्या पायरीवर यांच्या जोडीला पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा थेट कॅन्सर. या दोन शिड्या एकत्र चढत नाहीत. पहिल्या शिडीवर खालच्या पायरीला असलेला माणूस दुसरीवर सर्वांत वर असू शकतो. तोंड नीट उघडतंय आणि गालात लाल चट्टा आहे, अशा माणसाला हा मेसेज ‘काळजी नको’ म्हणून घरी बसवतो.

कारण साधं आहे. तोंड आखडतं ते आवरणाखालचे तंतू घट्ट होत गेल्यामुळे. कॅन्सर सुरू होतो तो वरच्या आवरणाच्या पेशींत. तिथे काय चाललंय ते बोटांना कळत नाही. ते सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतं.

आणि ‘एक बोट म्हणजे कॅन्सर’ हेही चूक. तोंड जेमतेम उघडणारे कित्येक रुग्ण कॅन्सरशिवाय आहेत. हा मेसेज वाचून त्यांची किती घाबरगुंडी उडाली असेल!

मग धोका किती? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधकांनी केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात या आजाराच्या ६६ रुग्णांचा पाठपुरावा केला. १७ वर्षांच्या त्या काळात ७.६ टक्के जणांना तोंडाचा कॅन्सर झाला. तो निष्कर्ष १९८५ मध्ये छापून आला. तेरा जणांत एक. माझा भाऊ त्या तेरांपैकी कितवा, हे तीन बोटं कशी सांगणार?

सुपारीचं थोडक्यात सांगते, कारण त्यात वादाला जागाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञगटाने २००३ मध्येच, तंबाखू नसलेली सुपारीही माणसात कॅन्सर करते, असं ठरवलं. या आजाराचं मुख्य कारण तर सुपारीच आहे. खर्ऱ्यात दोन्ही असतात, मग तंबाखू काढून काय उरतं ते तुम्हीच बघा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण पूजेच्या ताटातली सुपारी कोणाला धोक्याची वाटत नाही.

हळद-मधाने आग थोडी शमते, एवढं खरं. हळदीतल्या द्रव्यावर संशोधनही झालंय. पण घट्ट झालेले पट्टे तुपाने सुटत नाहीत. सुपारी थांबवणं, तोंड उघडण्याचे व्यायाम, गरज पडल्यास इंजेक्शनं आणि फारच आखडलं तर शस्त्रक्रिया, असे उपाय आहेत. त्यातही आजार बहुधा थांबवता येतो, पूर्ववत करता येत नाही. एकवीस दिवस तूप लावत बसलेला माणूस या काळात सुपारी खातच असतो, हे माझं दुखणं.

तुकडा तपासल्याने कॅन्सर पसरतो, हा धाक मी दर महिन्याला ऐकते. डाळीएवढा तुकडा, जागा बधिर करून, एखाद-दोन टाके. त्याने कॅन्सर पसरत नाही. तुकडा काढायला लोक उशिरा येतात, तोवर आजार आपोआपच वाढलेला असतो, आणि दोष तुकड्याच्या माथी येतो.

दिवाळीत जेवताना भावाने भाजीतली मिरची बाजूला काढली. तिखटाशिवाय न जेवणारा माणूस. मी तोंड उघडायला लावलं. डाव्या गालाच्या आत पांढुरका डाग होता. बोटाने पुसून जातो का, हे बघण्याआधीच तो उठून गेला. मला तेवढंच बघायचंय. काल मामीशी बोलले. बुधवारी ती त्याला घेऊन येते म्हणाली आहे.