बेलिफाला दार लावल्याने दावा थांबत नाही

सांगली-मिरज भागात व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय: 'बेलिफ समन्स घेऊन आला तर घेऊ नका, सही करू नका, केस उभीच राहणार नाही. जप्तीला आला तर दार लावून घ्या, तो घरातलं काहीही उचलून नेतो.' यावर विसंबून कोणाची जमीन हातची जाऊ नये, म्हणून हे सविस्तर. (बेलिफ म्हणजे कोर्टाचे कागद पोचवणारा आणि जप्ती करणारा कोर्टाचा कर्मचारी; समन्स म्हणजे दाव्यात हजर राहण्याची कोर्टाची नोटीस.)

'सही केली नाही की समन्स लागत नाही.' लागतं. समन्स नाकारलं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 5, नियम 17 प्रमाणे बेलिफ प्रत घराच्या दर्शनी भागावर डकवतो आणि अहवाल देतो: कोणत्या परिस्थितीत डकवली, घर कोणी दाखवलं, कोणासमक्ष डकवली. कोर्टाला तो अहवाल पटला की बजावणी पुरी, म्हणजे समन्स तुम्हाला पोचलं असं धरलं जातं. तारखेला गैरहजर राहिलात तर दावा एकतर्फी, म्हणजे तुमचं न ऐकताच चालतो. लेखी म्हणणं द्यायचे 30 दिवसही (कोर्टाने वाढवले तर 90) बजावणीपासूनच मोजतात. समन्स घेणं म्हणजे दावा कबूल करणं नव्हे. उलट सोबत दाव्याची प्रत मिळते, तीच वकिलाला लागते.

बजावणी खरोखर चुकीची असेल, तर भांडायची जागा हा अहवालच. त्याची नक्कल काढा. घर दाखवणाऱ्याचं नाव कोरं आहे का? समन्स नोकराकडे दिलं का? घरातली सज्ञान व्यक्ती, बाई असो वा पुरुष, चालते; नोकर कुटुंबात धरत नाहीत. एकतर्फी हुकूमनामा (दाव्याच्या निकालाचा कोर्टाचा आदेश) रद्द करायला आदेश 9, नियम 13 खाली अर्ज करता येतो. मुदत हुकूमनाम्याच्या तारखेपासून 30 दिवस, आणि समन्स रीतसर बजावलंच नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून.

'काहीही उचलून नेतो.' साफ खोटं. याच संहितेच्या कलम 60 मुळे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्र, शेतीची अवजारं, पोटापाण्यापुरती जनावरं आणि बियाणं जप्तीतून सुटतं. शेतकऱ्याचं राहतं घरही, तारण दिलेलं नसेल तर.

'दार लावून घ्या.' सगळ्यात घातक सल्ला हाच. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बेलिफ जप्तीसाठी राहत्या घरात शिरू शकत नाही. पण दिवसा, ऋणको (हुकूमनाम्याप्रमाणे देणं लागणारा) स्वतः राहत असलेल्या घरात त्यानेच अडवलं, तर बाहेरचं दार तोडायची मुभा कलम 62 देतं. दुसऱ्याच्या घराचं दार तोडता येत नाही.

हुकूमनामा चूक की बरोबर, हप्ते द्यायचे की नाही, हे बेलिफाच्या हातात नाही. त्यासाठी कोर्टातच अर्ज करावा लागतो. दारात वाद घालण्यापेक्षा वॉरंट मागून वाचा: कोर्टाचा शिक्का, दरखास्तीचा (हुकूमनामा अमलात आणण्याच्या अर्जाचा) नंबर, रक्कम आणि वॉरंट बजावायची शेवटची तारीख.