हेरिटेज यादीतला वाडा सरकारजमा होत नाही

नागपुरातल्या महाल-इतवारीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'वाडा हेरिटेज यादीत गेला की सरकार ताब्यात घेतं, कौलही बदलता येत नाही, शंभर मीटरपर्यंत बांधकाम बंद. त्याआधीच पाडून घ्या.' यातलं काहीही खरं नाही.

यादीत नाव आल्याने मालकी बदलत नाही. आखीव पत्रिकेवर नाव तुमचंच राहतं. विकता येतं, भाड्याने देता येतं. २०२० पासून मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागात लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतले हेरिटेजचे नियम वाचले की हे स्पष्ट होतं. दुरुस्तीला बंदी नाही, आधी परवानगी लागते. ती महापालिका हेरिटेज समितीचा सल्ला घेऊन देते. किती बदल चालतील हे यादीत वाड्याला दिलेल्या श्रेणीवर ठरतं. नागपूरच्या झिरो माइल स्तंभासारख्या पहिल्या श्रेणीत नियम कडक आहेत. दुसरीत आतले बदल आणि नवा वापर साधारणपणे चालतो, तिसरीत त्याहून सूट. बांधकामाचा हक्क वापरता आला नाही तर टीडीआर, म्हणजे तो हक्क दुसरीकडे वापरण्याची किंवा विकण्याची मुभा, मागण्याची तरतूदही आहे. मालकांना नेमकं हेच कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

शंभर मीटरचा नियम वेगळ्याच कायद्यातला आहे. तो केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या स्मारकांभोवती लागतो, शहराच्या यादीतल्या घरांभोवती नाही.

सागवानी खांबांचा, चौकाचा वाडा एकदा पाडला की परत उभा राहत नाही. म्हणून हात जोडून विनंती, तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल, तिथे हा खुलासा टाका. घरासाठी काही ठरवायचं असेल तर आधी महापालिकेच्या नगररचना विभागात आपली श्रेणी विचारून घ्या.