भाला की चिमटा? खटावच्या वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार. ट्रॅक्टरच्या लोडरला, म्हणजे पुढच्या उचलणाऱ्या हातांना, चाऱ्याच्या गाठी उचलण्यासाठी पुढे काय बसवावं, गाठीत घुसणारा टोकदार भाला की दोन बाजूंनी गाठ धरणारा हायड्रॉलिक चिमटा, या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि रागानंही लिहिलंत. तुमचं म्हणणं असं : चिमटा हा पैसेवाल्यांचा थाट आहे, वडूजला वेल्डिंगवाल्याकडून भाला करून घेतला की काम भागतं, तोही नसला तर लोडरच्या बकेटमध्ये (माती-खत भरायच्या खोऱ्यात) घेऊन गाठ उचलता येते, आणि वजनाचे हिशेब कागदावरच बरे दिसतात.

खर्चाचं तुमचं बोलणं रास्त आहे. कोरडा कडबा, भुसा किंवा पाचटाच्या मोठ्या गोल गाठी एवढंच काम असेल, तर भालाच घ्या. त्याला हायड्रॉलिकची जादा लाइन लागत नाही, वजन कमी, दुरुस्ती जवळजवळ नाही. बेलरच्या (गाठी बांधणाऱ्या यंत्राच्या) सुतळीने बांधलेल्या छोट्या चौकोनी गाठींना तर भालाही नको आणि चिमटाही नको, त्या माणसांनी हाताने ट्रॉलीत टाकलेल्याच बऱ्या.

प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला मूरघास, म्हणजे हवाबंद करून मुरवलेला हिरवा चारा, आला की मात्र गणित बदलतं. मक्याचा मूरघास टिकतो तो आत हवा नसते म्हणून. प्लॅस्टिकला भोक पडलं की हवा शिरते, आधी चारा तापतो, मग बुरशी धरते. भाल्याचं भोक गाठीच्या पोटापर्यंत जातं. वरून टेप लावली तरी आत शिरलेली हवा आतच राहते. त्याच दिवशी गव्हाणीत टाकायची गाठ असेल तर खुशाल टोचा. चार महिने ठेवायची असेल तर चिमटाच हवा, आणि तोही गुळगुळीत गोल नळ्यांचा. दूध घालणाऱ्या माणसाने मूरघासात पैसे वाचवावेत, पण इथे नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या साठ-सत्तर किलोच्या लहान गाठी असतील, तर पॅलेटवर (लाकडी फळ्यांच्या चौकटीवर) रचून फोर्कने, म्हणजे त्याखाली घुसणाऱ्या दोन दातांनी, हलवा. त्यातही प्लॅस्टिकला धक्का लागत नाही.

आता वजनाचा हिशेब. तो कागदावर ठेवायचा नाही, कारण माणूस त्यातूनच मरतो. समजा गाठ 500 किलोची आहे, पुढच्या अ‍ॅक्सलच्या दीड मीटर पुढे आहे, आणि ट्रॅक्टरच्या दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर दोन मीटर आहे. मागच्या चाकांवरचा भार 375 किलोने कमी होतो आणि पुढच्या अ‍ॅक्सलवर 875 किलो वाढतो. गाठ 500 ची, भार 875 चा! चिमट्याचं स्वतःचं वजन यात अजून धरलेलंच नाही. टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या चाकांना असतात, आणि नेमकी तीच चाकं हलकी झालेली. पाटण-जावळीच्या उतारावर, किंवा तुमच्याकडच्या माळावरून ओढ्यात उतरताना, ब्रेक दाबला तरी चाक घसरतं. मागे तीन पॉइंटला, म्हणजे अवजारं जोडायच्या मागच्या जोडणीला, मागच्या अ‍ॅक्सलच्या एक मीटर मागे, 300 किलोचा काँक्रीटचा ठोकळा लावला, तर पुढचा भार 150 किलोने उतरतो आणि मागच्या चाकांवर 450 किलो परत येतात. सिमेंट, खडी आणि थोडी सळई एवढाच खर्च. भाला घ्या वा चिमटा, हा ठोकळा आधी करा.

लोडरच्या माहितीपत्रकातला आकडाही विचारून घ्या. तो पुष्कळदा बकेटच्या पिनेपाशी मोजलेला असतो. गाठीचा मध्य त्याच्या अर्धा-पाऊण मीटर पुढे असतो, आणि तिथे लोडर तेवढं उचलत नाही.

गावच्या वेल्डरबद्दल माझं मत वाईट नाही. चौकट त्याच्याकडूनच करून घ्या. पण भाला साध्या सळईचा नको, ती वाकते. कठीण पोलादाचा भाला थेट वेल्ड केला, तर वेल्डच्या उष्णतेने तिथलं पोलाद ठिसूळ होतं आणि भरल्या गाठीसकट तिथेच तुटतो. तयार फोर्ज केलेला, शंकूसारख्या बुडाचा भाला मिळतो. त्याची बुश (भाला बसायची पोकळ नळी) चौकटीला वेल्ड करायची, भाला त्यात घालून मागून नट आवळायचा. खाली दोन छोटे टोकदार दांडे हवेतच, नाहीतर गाठ भाल्यावर फिरते.

बकेटमध्ये गोल गाठ मात्र घेऊच नका. तुम्ही लिहिलंय, दोन हंगाम काही झालं नाही. आपल्या बहुतेक लोडरमध्ये हात वर जाताना बकेट आपोआप समतल राहत नाही, ती मागे कलते. गोल गाठीला तिथे अडवणारं काही नसतं. ट्रॉलीच्या उंचीवर गेल्यावर ती लोडरच्या दोन हातांवरून गडगडत थेट चालकाच्या छातीवर येते, आणि आपल्या बहुतेक ट्रॅक्टरला केबिन नसते. पाच क्विंटल, दादा. तुमचा मुलगाही लोडर चालवतो असं तुम्हीच लिहिलंत, म्हणून हे एवढं ठासून सांगतोय.

चिमटा घेतलाच, तर सिलिंडरवर लॉक व्हॉल्व्ह आहे का ते पाहा, म्हणजे पाइप फुटला तरी पकड सुटत नाही. गाठ घेऊन जाताना ती गुडघ्याइतक्या उंचीवर ठेवा, ट्रॉलीपाशी पोचल्यावरच उचला, आणि उचलण्याआधी वर विजेची तार आहे का ते बघा.

चौकट करायला टाकण्याआधी एक गाठ वजनकाट्यावर ठेवून बघा, ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतून पुढच्या अ‍ॅक्सलची क्षमता काढा, आणि दोन्ही आकडे इथे लिहा. मागे ठोकळा किती किलोचा लागेल ते मी काढून देतो.