‘काका, आधी गूगल करा’ या प्रतिक्रियेला उत्तर

‘पानगळ थंडीने आणि लहान दिवसांमुळे होते, पाण्याचा संबंध काय? तसं असतं तर पाइन बारा महिने हिरवा कसा राहतो? काका, इंदूरात बसून युरोपच्या झाडांवर ज्ञान पाजळण्याआधी गूगल करा.’ ‘झाडं पाणी वाचवायला पानं गाळतात’ या माझ्या लेखावर ही तुमची प्रतिक्रिया. निनावी, अर्थातच.

काका म्हणालात, हरकत नाही. पण काका म्हणायचं आणि पुढच्याच दमात ‘ज्ञान पाजळू नका’ म्हणायचं, ही कुठली रीत? लेख लांबला, एवढं मात्र मान्य.

आता पाइन. थंड मुलखात हिवाळ्यात पाणी असतं, पण जमिनीत गोठलेलं, मुळांना ओढता येत नाही. पानं तर वाऱ्या-उन्हात पाणी सोडतच राहणार. म्हणून ओक पानंच टाकून मोकळा होतो. पाइनच्या सुईवर मेणाचा जाड थर, रंध्रं, म्हणजे पाण्याची वाफ सोडणारी बारीक छिद्रं, खोल खळग्यांत दडलेली. म्हणजे तोही पाणीच वाचवतो! उदाहरण तुम्ही दिलंत, कामी माझ्या आलं.

शिवाय खोडातल्या नळ्या बघा. पाणी गोठलं की त्यात विरघळलेली हवा बुडबुडे होऊन सुटते. पाइनच्या बारीक नळ्यांत बर्फ वितळताना ते पुन्हा विरून जातात. ओकच्या रुंद नळ्यांत तेच फुगतात आणि वर ओढली जाणारी पाण्याची धार तुटते. (ही ओढ डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी १८९४ मध्येच मांडली, गूगलवर आहे, बघा.) हिवाळा सरेपर्यंत त्या नळ्या बाद होतात, म्हणून ओक दर वसंतात नव्या घडवतो.

आणि ‘इंदूरात बसून’? अहो, माझं लहानपण चुलत्यांच्या लाकडाच्या वखारीत गेलंय. सागाचा ओंडका आडवा कापला की प्रत्येक वर्षाच्या वलयाच्या सुरुवातीला अशा रुंद नळ्यांच्या भोकांची रांग नुसत्या डोळ्यांना दिसते. ओकची ठेवणही तशीच. आमच्या माळव्यातला साग उन्हाळ्याच्या तोंडाशी उघडाबोडका होतो. तेव्हा कुठली आलीय थंडी?

लहान दिवसांचं म्हणाल, तर पानं कधी टाकायची ही वेळ झाड त्यावरून ओळखतं, हे मी लेखात लिहिलंच आहे. तुम्ही तिथवर पोचला नसाल.

पुढच्या वेळी नाव घालून लिहा, म्हणजे उत्तरही जरा गोडीत देता येईल.